चार बोटं

मी शाळेतला सुतार. अकरावीतली एक मुलगी गरोदर होती. पोट बाकाच्या फळीला टेकायला लागलं, तरी शाळा सोडायला तयार नव्हती. तिचं काय करायचं, यावर शिक्षकांची बैठक झाली. खिडकी दुरुस्त करता करता मी ऐकत होतो. 'राहू दे तिला' असं एकानंही म्हटलं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "उद्या ठरवू."

दुपारी गणिताचे सर माझ्या खोलीत आले. "काका, तिच्या बाकाची फळी चार बोटं कापा. पण बाकीच्यांना कळू देऊ नका, फाडून खातील मला."

माप मला पाठ होतं. बायको आता नाही, पण तिला दिवस गेले होते तेव्हा शिलाई मशीनचं टेबल मीच असं कापलं होतं.

मग भाषेच्या बाई आल्या. मग खेळाचे सर. काम तेच, भीतीही तीच.

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिका हळूच दार लोटून आत आल्या. "काका, एक बाक कापायचाय. शिक्षकांना मात्र सांगू नका, एकही तयार नाही हो."

मी करवत खाली ठेवली. "बाई, तुम्ही चौथ्या. उद्याची बैठक इथंच घ्या."