तोंडावरचं तेज

दिशाच्या दोन्ही गालांवर मुरमांनी नुसता उच्छाद मांडला होता. सासूबाई, गोजराबाई, येता-जाता बोलायच्या, "आपल्या खोल्यांत ऱ्हाणाऱ्या त्या कंपनीतल्या पोरी बघ, तोंडं कशी लख्ख हायेत! आन् तू टूब आणून कपाटात ठेवलीयास. लावत का न्हाईस? चार माणसांत न्यायची लाज वाटतीया."

"लावीन की आत्या," दिशा मान खाली घालून म्हणायची आणि आरशाकडे पाठ करायची.

मग एका दुपारी दिशा आणि तिचा नवरा पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातून तपासण्यांचे शेवटचे रिपोर्ट घेऊन माणला, आपल्या गावी, परतले. त्याच दिवशी तिने ट्यूब फोडली. रोज झोपताना कोरड्या चेहऱ्यावर मटारच्या दाण्याएवढंच मलम आणि दिवसा सनस्क्रीन, यात कधी खंड पडला नाही. आधी कातडी सोलली, आग आग झाली. पण हळूहळू एकूणएक मुरूम गेलं.

भावकीतल्या डोहाळजेवणाला गोजराबाई तिला मोठ्या हौसेने घेऊन गेल्या. तिथे एका म्हातारीने दिशाची हनुवटी धरून वर केली.

"गोजरे, सुनंच्या तोंडावर काय तेज चढलंय गं! दिवस गेलं व्हय?"

गोजराबाईंनी मोठ्या आशेने सुनेकडे पाहिलं. दिशाला हसायलाही जमेना.



ट्यूब लिहून देताना डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून सांगितलं होतं, "जोवर मूल हवं असेल, तोवर ही लावायची नाही."