पाटावरची रायफल

"बंदूक रिकामी आहे असं कधीच धरून चालू नका," ओहायोतला बंदुका विकणारा म्हातारा दुकानदार म्हणाला होता, तेव्हा तिने नुसतं हसून मान हलवली होती. कुठल्याशा थंड देशाच्या सैन्यातून निघालेली, डागडुजी करून नव्यासारखी केलेली ती रायफल नवऱ्याला रविवारच्या नेमबाजीसाठी हवी होती.

खंडेनवमीला तिने ती पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, अंगणातला झेंडू वाहिला. लाकडी दस्त्यावर कुणा सैनिकाने आपली आद्याक्षरं कोरली होती. त्यांवरून बोट फिरवता फिरवता तिचे डोळे मिटले. त्याचीही आई असेल, कुठल्याशा बर्फाळ गावात, दाराशी उभी. दस्त्याला चोळलेल्या जवसाच्या तेलाचा मंद वास येत राहिला.

"आई, आत किती काळोख आहे."

तीन वर्षांची लेक पालथी पडून नळीला डोळा लावून होती. झेंडूची एकेक पाकळी आत सारत होती.

तिने लेकीला ओढून कवटाळलं. "अगं, रिकामीच आहे ती, किती घाबरतेस," म्हणत नवऱ्याने रायफल उघडून दाखवायला बोल्ट मागे खेचला. एक काडतूस रांगोळीत पडलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं.

तुमचं मूल आत्ता कुठे आहे? वाचायचं थांबवा, आधी बघून या.