पिराजी वल्द

“सापडला!” गफारमास्तरांनी भिंग टेबलावर आपटलं. “पिराजी. तेराशे तीस फसली, म्हंजी एकोणीसशे वीसचं साल. आईचं नाव सखू. बोला, तुमचाच का न्हाय?”

कुलदीप पवार खुर्चीतून उठलाच. जुनं उर्दू वाचून त्याचं मराठी लिहून देणाऱ्या मास्तरांच्या नळदुर्गच्या बैठकीत त्याची ही सहावी खेप. निजामाच्या काळातलं गावचं जन्माचं दप्तर उर्दूत, वाळवीतून वाचलेलं तेवढं एकच. उर्दूच्या नावानं कुलदीपची बोंब, आणि गावात पवारांची चाळीस घरं. जो तो गोरोबा, नाहीतर लिंबाजी. पाच खेपांत नुसती परक्या पवारांची बारशी जेवून झाली होती, खरा आजा काही हाताला लागत नव्हता. आज्याच्या नावापुढं ‘कुणबी’ दिसलं की त्याच्या लेकीला, दीपमालाला, आरक्षणाचा दाखला मिळणार होता. पोरीनं दोन वर्षं लातूरला खोली घेऊन मेडिकलचे मार्क काढले होते, आणि दाखला जोडायची उद्या शेवटची तारीख.

“आमचाच!” मथुराबाई म्हणाल्या. पिराजी म्हणजे त्यांचे वडील, कुलदीपचा आजा. ऐंशी ओलांडलेली ही आत्या ओळख पटवायला म्हणून मुद्दाम एस.टी.नं आली होती. “सखू म्हंजी माझी आजी, गोरोबाआज्याची बायको. वाचा मास्तर, म्होरं वाचा.”

मास्तरांनी भिंग परत उचललं. ओठ हलले, मग थांबले. त्यांनी चष्मा पुसला, पान उजेडात धरलं आणि पुन्हा वाचलं.

“काय झालं? जात लिहिली न्हाय का?” कुलदीपनं विचारलं.

“लिहिलीय.”

“मग वाचा की!”

“पिराजी,” मास्तर हळू आवाजात म्हणाले, “वल्द शेख मदार, मणियार.”

वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढं उर्दू सहा खेपांत कुलदीपलाही आलं होतं. आणि मणियाराचं, म्हणजे बांगड्या भरणाऱ्याचं, गावात घर एकच. ते या गफारमास्तरांच्या घराण्याचं. शेख मदार त्यांचे सख्खे आजोबा.



“तुमचा आजा… अन् माझी पणजी?” त्याचा आवाज चढला. “मास्तर, तोंड सांभाळून वाचा!”

“मी नुसतं वाचतोय बाबा, लिहिलं मी न्हाय!” मास्तरांनी भिंग त्याच्यापुढं सरकवलं. आजोबा पाच वक्ताचे नमाजी. सत्तराव्या वर्षी, तेही पवारांच्या पोराला वाचून दाखवताना, त्यांच्याबद्दल हे कळावं?

कुलदीपनं आत्याकडं बघितलं. म्हातारी आता चक्कर येऊन पडते का काय, म्हणून त्यानं हात पुढं केला. तर मथुराबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“आरं बाबांनो, इकला हुता त्याला!”

“इकला?”

“सखूआजीची चार लेकरं पाळण्यातच गेली. पाचवं झालं तवा सुपात घातलं, अन् मदारभाईंच्या दारात नेऊन इकलं. पसाभर जोंधळ्याला. नाव बी पिराचं ठिवलं. आसं केलं की लेकरू आपलं ऱ्हात न्हाय, मग नजर बी लागत न्हाय. नावं लिवायला मुन्शी आला आसंल, आजीनं त्यालाबी तेच सांगितलं आसंल. खरं कसं सांगंल? मरणाच्या कानावर गेलं आसतं की!”

“या अल्ला!” मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हसावं का रडावं त्यांनाच कळेना.

कुलदीपला मात्र हसू आलं नाही. तो मटकन खुर्चीत बसला. “पण आत्या, परत घेतात ना अशा लेकराला?”

“घेतला की. लगीन ठरलं तवा वाजतगाजत घेतला. पर ते कोण लिवतंय दप्तरात?”

“मग तुम्ही लिहा, मास्तर. वल्द गोरोबा पवार, कुणबी. खरं तेच हाय ना? तुमचं काय जातंय?”

“माझं काही जात न्हाय रे. आत्ता लिहितो. पण मूळ पान सोबत जोडावं लागतंय, अन् कचेरीत उर्दू वाचणारा दुसरा बसलाय. शेख मदारचं गोरोबा तो कसं वाचंल?”

तेवढ्यात कुलदीपचा फोन वाजला. दीपमाला. कुठल्या तोंडानं उचलावा? शेवटी मथुराबाईंनीच त्याच्या हातातनं घेतला.

“पप्पा, सापडले का पणजोबा?” पोरीचा आवाज साऱ्या खोलीत ऐकू आला.

“सापडला गं बाई,” मथुराबाई म्हणाल्या. त्यांचं हसू आता कुठल्या कुठं गेलं होतं. “पर मरणाला गावू नये म्हणून माझ्या आजीनं त्याला आसा दडवला, आसा दडवला, की तुझ्या हापिसाला बी आता तो गावायचा न्हाय.”