डायसीचं बाळ

व्हर्ना किंबलने स्वयंपाकघरातली फळी उचलून खालची अंधारी पोकळी दाखवली, तशी घर पाहायला आलेली माणसं वाकून बघू लागली.

"नदीपलीकडून पळून आलेले गुलाम इथं लपायचे," ती म्हणाली. "माझ्या खापरपणजोबांनी लपवलेला एकही माणूस धरला गेला नाही. सगळे इथून जिवंत कॅनडाला गेले."

मंडळी जिना चढू लागली. ओडेसा नावाची एक म्हातारी तेवढी मागे राहिली.

"सगळे जिवंत?" तिने विचारलं.

"हो."

"माझी खापरपणजी डायसी या पोकळीत होती. कडेवर बाळ. धरायला आलेली माणसं वर फिरत होती. बाळ रडू नये म्हणून तिने त्याचं तोंड दाबून धरलं. माणसं गेली, तोवर…" ओडेसा थांबली. "आमच्या घरी पोराटोरांना ठाऊक आहे हे. तुमच्या घरी नाही?"

आजीने व्हर्नाला सांगितलं होतं, जागाही दाखवली होती. वर बजावलं होतं, "लोक इथं बरं वाटावं म्हणून येतात, पोरी. ते काढत बसू नकोस." व्हर्नालाही ते सोयीचं वाटलं होतं.

"ठाऊक आहे," ती हळूच म्हणाली.

"मग कुठं पुरलंय तेवढं दाखवा, बाई. भांडायला नाही आले मी."

व्हर्ना तिला मागच्या दाराने घेऊन गेली. तिथली सफरचंदाची झाडं तोडून, खडी पसरून पाहुण्यांच्या गाड्यांसाठी जागा केली होती. नको, असं व्हर्नाला घराचा कारभार पाहणाऱ्या समितीत म्हणता आलं असतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं.

"तिथं," तिने बोट दाखवलं.

तिथं एक निळी मोटार उभी होती.

"माझीच आहे ती," ओडेसा म्हणाली.

व्हर्नाला तोंड लपवायला जागा उरली नाही. ओडेसाने मोटार मागे घेतली, दूर रस्त्यावर नेऊन लावली. मग चालत परत आली आणि त्या खडीपाशी डोकं झुकवून उभी राहिली.

व्हर्ना घरात शिरली. वरच्या खोलीत लोक जुना पलंग न्याहाळत होते.

"मंडळी, मागच्या सगळ्या गाड्या बाहेर काढा. आत्ताच."

"का हो?" एकाने हसत विचारलं. "कुणाची वाट अडलीय?"

"त्यांच्याखाली एक बाळ आहे," व्हर्ना म्हणाली.