मोर्णेकाठची भिंत

"पुन्हा चिखल," मंजुषा म्हणाली.

खंड्याच्या निळ्या पंखावर ओला काळा चिखल थापला होता. सोमवारी कासवावर होता, काल बगळ्यावर. अकोल्यात मोर्णेकाठच्या या भिंतीवर नदीतले जीव रंगवायचं तिचं काम पंधरा दिवसांचं होतं; महिना होत आला.

पुंजाजी नेहमीच्या दगडावर बसले. पूर्वी ते इथंच पात्रात डांगरवाडी करायचे, टरबूज-खरबुजं पिकवायचे. आता बायको गेली, मुलगा पुण्याला. भिंत सुरू झाल्यापासून मात्र सकाळी उठावंसं वाटायचं.

ठेकेदार नत्थुजी आला. "इथं दिवसभर एकच माणूस बसून राह्यते," तो पुंजाजींकडे पाहत म्हणाला. "त्यालेच इचारा."

"बाबा नाही करणार," मंजुषा म्हणाली. "मी काढते पुन्हा."

"अन् डोळे? एकाही जीवाले अजून डोळे नाहीत."

"सगळी अंगं पुरी झाल्याबिगर आमी डोळे काढत नाही. डोळे काढले की काम संपलं, मंग हात लावाचा नसते."

तिच्या परतवाड्याच्या घरी मूर्ती घडायच्या. त्या घरून फोन आलेला पुंजाजींनी कधी पाहिला नव्हता.

नत्थुजी चडफडत गेला.

"बाबा, पाणमांजरं खरंच पाह्यली तुमी?"

"तीन. बायको म्हने चार. तिले सगळंच एक जास्त दिसे."

मंजुषा हसली. डब्यातली दुसरी भाकर तिनं त्यांच्यापुढं केली. ती रोज दोनच आणायची.

संध्याकाळी खंड्या पुरा झाला.

"झाले सगळे," ती ब्रश धूत म्हणाली. "उद्या डोळे. परवा मी परतवाड्याले."

"जा तं लागनच," पुंजाजी म्हणाले. आणि ते उठले.

घरी भात टाकला, तो तसाच राहिला. परवा त्या दगडावर बसायचं कशाला, हे त्यांना कळेना.

उजाडता उजाडता ते नदीत उतरले. वाकून मूठभर चिखल उचलला. एकच जीव. एकच दिवस. ते काठ चढून वर आले आणि जागीच थांबले.

भिंतीपाशी मंजुषा पाठमोरी उभी होती. रोजच्या सवयीनं, दोन्ही हातांनी, ती पाणमांजराच्या पाठीवर चिखल थापत होती.