सहाच्या आधी

कॅमेऱ्याने वाघ टिपला पहाटे पावणेपाचला. गावातले फोन वाजले सहाला. तोवर कांताबाईचा खांदा फाटला होता.

आचल सकाळपासून या दोन वेळांकडे बघत बसली होती. चंद्रपुरातलं चार टेबलांचं ऑफिस. वरचा पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता. जंगलाच्या कडेच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला की आसपासच्या गावांतले फोन आपोआप वाजावेत, एवढंच या ऑफिसने हाती घेतलेलं काम होतं. ते सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. यादीतलं पहिलं गाव आचलचंच होतं, मूल शहराच्या पलीकडलं. कांताबाई शेजारची. तिच्यापासून दोन झाडं सोडून आचलची आई मोहाची फुलं वेचत होती. दोघी पाचला घरून निघाल्या होत्या. फोन वेळेवर वाजला असता तर निघाल्याच नसत्या.

"तू म्हणतच होती," ऑफिसचा मालक दिनेश म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "संध्याकाळच्या आत सांग, त्या एआयनं कुठी घोळ केला. नाई सापडलं तर सगळं बंद करून टाकू."

बंद केलं तरी बाया उद्या मोहाला जाणारच होत्या. फुलं काही कोणासाठी झाडावर थांबत नाहीत. म्हणजे चूक आजच सापडायला हवी होती.

एआयवर भरवसा ठेवू नका, असं आचल म्हणत होती हे खरंच. प्रोग्रामचं दोन महिन्यांचं काम एआयने दोन दिवसांत लिहून दिलं, तेव्हा दिनेश नाचायचाच बाकी राहिला होता. आचलला मात्र वाटलं, हुशार आहे, गोड बोलतो, पण कोणाचा कोण, कुठून शिकून आला, काही पत्ता नाही. अशा पोराला कोणी जावई करेल का? म्हणून तिने त्याची ओळ न् ओळ तीन-तीनदा तपासली. आधी ती प्रोग्राम लिहायची. आता दुसऱ्याने रांधलेल्यात खडे शोधत बसायची. तपासणीच्या त्या पंधरा दिवसांत तिचे डोळे चुरचुरायला लागले, मान धरली, आणि आपण हे शिकलो तरी कशाला असं तिला रोज वाटू लागलं.

काम संपवताना एआयने तिला सात प्रश्नही विचारले होते. ते तिने घाईत वरवर चाळले. चार हजार ओळी तपासून झाल्यावर आणखी प्रश्न ऐकायची ताकद तिच्यात उरली नव्हती. सगळ्यांना मिळून तिने एकच उत्तर टाकलं: 'फोन लावण्याचा भाग जुना आहे, मी लिहिलेला आहे. त्याला हात लावू नकोस.'

आता ती पहाटेची नोंद परत वाचू लागली. चार पंचेचाळीसला फोटो आला. पुढच्याच सेकंदाला एआयच्या प्रोग्रामने वाघ ओळखला. त्याच्या पुढच्या सेकंदाला गाव निवडलं, चाळीस नंबर काढले आणि फोन लावण्याच्या भागाकडे सोपवले. तिथून पुढे सव्वा तास काहीच नाही. मग बरोबर सहाला चाळीसच्या चाळीस फोन एकदम वाजले.

ते 'बरोबर सहा' तिला टोचलं. काही बिघडलं असतं तर फोन कधीही वाजले असते. हे तर कोणीतरी थांबवून धरल्यासारखं होतं.

तिने जुना भाग उघडला. तीन वर्षांपूर्वी, लहान मुलांच्या लसीकरणाची आठवण देणाऱ्या फोनसाठी लिहिलेला. वरून दहावीच ओळ होती. रात्री नऊ ते सकाळी सहा फोन करू नये, लोक झोपलेले असतात. पुढे लिहिणाऱ्याचं नाव होतं, आचल. ही ओळ तिने एकदाही तपासली नव्हती. स्वतःची होती ना.

तिने वाघाचे फोन त्या नियमातून काढले. दोन मिनिटं लागली. स्वतःचा नंबर टाकून पाहिला, फोन लगेच वाजला. उद्या पहाटे वाघ दिसला तर गावातलेही लगेच वाजणार होते. मग तिने एआयचे सात प्रश्न उघडले आणि या वेळी एकेक करून वाचले. चौथ्यावर ती थांबली.

तेवढ्यात दवाखान्यातून आईचा फोन आला.

"कांता बोलून राह्यली आता. च्या मांगत होती," आई म्हणाली. "बावीस टाके पडले, पण हात वाचला."

आचलला हुंदका फुटला.

"तू काऊन रडून राह्यली? तुही काय चूक? चूक त्या मशीनची हाये. त्याले काय मालूम, आमी मोहाले किती वाजता जातो. त्यानं कधी मोह वेचला का?"

आचलने वेचला होता. सातव्या वर्षापासून, झोपेतून उठून, डोक्यावर टोपली घेऊन, अंधारातच आईच्या मागे.

समोर चौथा प्रश्न तसाच उघडा होता. 'जुन्या भागात सकाळी सहाच्या आधी फोन न करण्याचा नियम आहे. या गावांतले लोक सहाच्या आधी जंगलात जातात का?'

"त्यानं मले इचारलं होतं, आई," ती म्हणाली.