कपावरची बशी

"कोळसा उगाळावा तितका काळाच, बाबा," सून म्हणाली आणि तिने सासऱ्यांसमोर चहाचा कप ठेवला.

"उगाळायला कोणी सांगितलंय? जाळायचा असतो तो," सासरे म्हणाले. त्यांनी एक घोट घेतला आणि नेहमीप्रमाणे बशी उचलून कपावर पालथी घातली.

सासऱ्यांची उभी हयात कोळशावर वीज बनवणाऱ्या कारखान्यात, बॉयलरपुढे गेली होती. सून लोकांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवायची. एकाच घरात एकाचा कोळसा आणि एकीचं ऊन. नवरा बिचारा दोन्ही डगरींवर पाय ठेवून पेपर वाचायचा. सासूबाई म्हणायच्या, "खुशाल भांडा, पण चहा गार करू नका."

चहा गार व्हायचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक घोटानंतर सासरे कप झाकायचे, पुन्हा बशी काढायचे, पुन्हा झाकायचे. लग्न होऊन आल्यापासून सून त्यावरून त्यांची फिरकी घेत आली होती. "बाबा, चहा काय उडून जाणारे?" ती विचारायची. "निवत नाही गं," ते म्हणायचे. भर उन्हाळ्यात, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असतानाही त्यांचा चहा निवू नये अशी त्यांची इच्छा असायची. अख्ख्या गावात असा चहा पिणारं दुसरं कोणी नव्हतं.

आजचं भांडण मात्र रोजचं नव्हतं. गावाबाहेरच्या माळावर कोळशाचा नवा वीज प्रकल्प येऊ घातला होता. सून आणि तिच्याबरोबरचे लोक म्हणत होते, प्रकल्प नको. माळावर पवनचक्क्या लावू, छपरांवर पॅनेल लावू, आपली वीज आपण बनवू. उद्या गावाची सभा होती आणि तिथे हात वर करून फैसला व्हायचा होता. अर्धं गाव इकडे होतं, अर्धं तिकडे, आणि दोन्ही अर्धी सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होती. ज्याने बॉयलर जवळून पाहिला असा गावात तो एकच माणूस. ते हो म्हणाले, की सुनेच्या पवनचक्क्या कागदावरच फिरणार होत्या.

आणि ते हो म्हणणार होते. "यंत्रं सुधारली आता," हे त्यांचं पालुपद. सभेत हरायला सून तयार होती. पण भरल्या सभेत बाबांच्या विरोधात उभं राहायचं, याला तिचं मन तयार नव्हतं. तिचा फार जीव होता त्यांच्यावर.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. प्रकल्पाचे साहेब आले होते. साहेब म्हणजे तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा एक इंजिनिअर.

"काका, तुम्ही बॉयलर चालवले म्हणून आज आम्ही खुर्चीत बसतो," तो म्हणाला. सासऱ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सून मनातल्या मनात बोटं मोडत आत गेली आणि तिने चहा टाकला. साखर मात्र नीट घातली. पाहुणा तो पाहुणा.

ती साहेबांचा कप घेऊन बाहेर आली तेव्हा सासरे विचारत होते, "राखेचं काय?"

"राख बाहेर पडतच नाही, काका. चिमणीतच अडवतो आम्ही. मी स्वतः बायको-मुलीला घेऊन आमच्या प्रकल्पाच्या कॉलनीत राहतो. नवा कोरा प्रकल्प आहे." साहेबांनी चहाचा घोट घेतला. "खिडक्या उघड्या टाकून झोपतो आम्ही. हवा अगदी इथल्यासारखी."

आणि बोलता बोलता त्यांनी बशी उचलून कपावर पालथी घातली.

सुनेला हसू फुटलं. भांडण, सभा, सगळं ती क्षणभर विसरली. "घ्या बाबा, तुम्हाला जोडीदार मिळाला," ती म्हणाली. "काय हो साहेब, तुमचाही चहा निवतो का?"

साहेबांनी कपाकडे पाहिलं आणि तेही मोकळेपणाने हसले. "नाही हो, हाताला सवयच लागलीय. कॉलनीत सगळेच ठेवतात. माझी मुलगी तर दुधाच्या पेल्यावरसुद्धा झाकण मागते. नाहीतर वरून..."

तिथेच त्यांची गाडी अडली.

टेबलावर दोन कप होते, दोन्ही झाकलेले. नवऱ्याने पेपर खाली घेतला. सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं आणि तिचं हसू ओठांवरच विरलं. ती बशी चहा निवू नये म्हणून नव्हतीच कधी. आपल्या कारखान्याबद्दल बाबांनी या घरात एक वाकडा शब्द काढला नव्हता. त्यांचे हात मात्र रोज सांगत होते, आणि ती रोज हसत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"झाकला नाही तर दुसरा घोट दाताखाली कचकचतो," सासरे शांतपणे म्हणाले. "केवढी आहे तुमची मुलगी?"

"यंदाच शाळेत जायला लागलीय," साहेब खाली बघत म्हणाले.

सासऱ्यांनी मान हलवली. आपल्या कपावरची बशी काढून त्यांनी कपाखाली सारली. मग हात लांब करून साहेबांच्या कपावरचीही काढली.

"असू द्या उघडा," ते म्हणाले. "आमच्या गावात चहा झाकावा लागत नाही. उद्या सभेत मी एवढंच सांगणार आहे."